आधी पाय पाहा, मग पोटाला हात लावा

माझी मोठी जाऊ आणि मी बावीस वर्षं एका घरात राहिलो. एका चुलीवर रांधलं, एका वावरात निंदण केलं, एकमेकींच्या बाळंतपणात रात्री जागवल्या. एवढ्या वर्षांत मी तिचे पाय घोट्याच्या वर पाहिले नव्हते. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. गरोदर बायकांच्या पायांवर सूज आहे का हे अंगठ्याने दाबून पाहणं माझं रोजचं काम. पण घरातल्या बाईच्या पायांवर साडी होती, आणि ती वर घ्यावी असं ना तिला वाटलं ना मला.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला तिला सव्वा वर्ष झालं होतं. एका दुपारी ओसरीवर तूर निवडता निवडता तिनेच साडी गुडघ्यापर्यंत ओढली. वरचं अंग तोवर ओळखू येऊ नये इतकं उतरलं होतं. गळ्याची हाडं दिसायला लागली होती, ब्लाऊज तीनदा आत घेऊन झाले होते. पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे वाटावेत असे. कमरेखालपासून पोटरीपर्यंत भरलेले, डावा-उजवा अगदी सारखे. घोट्यापाशी वळकटी, जशी तिथे कुणी करकचून दोरी बांधली असावी. आणि त्या वळकटीखाली पाऊल लहानसं, निमुळतं. बोटांत लग्नातलीच जोडवी. पैंजण दहा वर्षांपूर्वीच डब्यात गेले होते, ते घोट्यावर बसेनात म्हणून. मी सवयीने पोटरीवर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही, पण तिने ओठ दाताखाली धरला. मांडीवर दोन निळे डाग होते. कुठे लागलं ते तिला आठवत नव्हतं.

"पोट कापलं, पाय जसेचे तसे," ती म्हणाली. "वरून डाएटवाली बाई इचारते, चोरून खाता का म्हून."

त्या एका प्रश्नाने मला हा लेख लिहायला बसवलं.

जाऊबाईला जे आहे त्याला लिपेडिमा म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी 1940 मध्ये त्याचं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला तो अकराव्या आवृत्तीत, आणि ती आवृत्ती लागू झाली जानेवारी 2022 मध्ये. मधल्या ऐंशी वर्षांत जगभरच्या बायकांना एकच उत्तर मिळत राहिलं: कमी खा, जास्त चाला. हा आजार जवळजवळ बायकांनाच होतो. पाळी सुरू होताना, बाळंतपणानंतर किंवा पाळी जाताना तो डोकं वर काढतो किंवा वाढतो. बऱ्याचदा आईला, मावशीलाही तसेच पाय असतात. नितंब, मांड्या, पोटऱ्या, कधी दंड यांवर चरबी साठते. ती दुखते, ठणकते, जरा धक्का लागला की काळीनिळी पडते. उपाशी राहिलं की चेहरा उतरतो, छाती उतरते, कंबर उतरते, पण ही चरबी जागची फारशी हलत नाही. जाऊबाईने सहा महिने दिवसाला एका भाकरीवर काढले होते. गाल बसले आणि पाय होते तसेच राहिले, तेव्हा सगळ्या घराला वाटलं की ही लपून खात असणार. त्या "सगळ्या घरात" मीही होते.

आता ऑपरेशनचं. लिपेडिमा असलेल्या बाईचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन करावं की नाही, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं मत असं की पाय जर त्याने जात नाहीत तर पोट कापून उपयोग काय. उपयोग आहे, मी तो घरात पाहिला आहे. जाऊबाईची उंची 152 सेंटीमीटर, वजन 104 किलो, बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा 45. शुगर दोन गोळ्यांनाही दाद देत नव्हती. रात्री घोरताना श्वास मध्येच थांबायचा आणि ती दचकून उठायची. तिच्या अंगात दोन वेगळ्या गोष्टी नांदत होत्या: पायांत लिपेडिमा आणि पोटावर साधा लठ्ठपणा. दुसरीला औषध होतं. तिच्यावर स्लीव्हचं ऑपरेशन झालं. त्यात जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच काढून टाकतात आणि उरतं ते केळ्याएवढं. भूक जागवणारं एक हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. वर्षभरात 31 किलो उतरले, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, झोप लागायला लागली. गुडघ्यांवरचं ओझं कमी झालं म्हणून ती पुन्हा कापूस वेचायला गेली. शिवाय लिपेडिमाच्या पायांवर लठ्ठपणाचं वजन चढत गेलं की अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या लसवाहिन्या थकतात, मग चरबीच्या जोडीला खरी सूज येते आणि पाऊलही फुगायला लागतं. ते टाळायला वजन आटोक्यात असणं चांगलंच. लिपेडिमा आहे म्हणून कुणी अशा बाईला ऑपरेशन नाकारलं तर तो तिच्यावर अन्याय होईल.

दुसरं मत रुग्णालयांच्या फलकांवर असतं. ऑपरेशनच्या आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि नंतरच्या फोटोत पाय कमरेच्या मापात. जाऊबाईला ऑपरेशनपूर्वी नागपूरच्या एका खाजगी रुग्णालयात चार वेळा तपासलं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, हृदयाचा आलेख निघाला. चारही वेळा साडी घोट्यापर्यंतच होती. संमतीपत्रात टाक्यांतून गळती, रक्तस्राव, भूल, सगळ्याचे धोके लिहिले होते आणि तिने सही केली. पायांबद्दल एक शब्द नव्हता. तिने मनाशी धरलं होतं की 104 मधले जे जातील ते सगळीकडून सारखे जातील. कोण धरणार नाही? साडेतीन लाख आणि तिच्या पाटल्या त्यात गेल्या होत्या.

या विषयावरचे अभ्यास लहान आहेत आणि सगळे एकाच सुरात बोलत नाहीत. काहींत ऑपरेशननंतर मांड्यांचा घेरही बऱ्यापैकी कमी झालेला दिसतो. पण 2022 मध्ये जर्मनीतल्या 13 बायकांची जी हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली, तिच्यात वजन भरपूर उतरूनही पायांचं दुखणं तसंच राहिलं होतं. काही बायकांना तर लिपेडिमा आहे हेच ऑपरेशननंतर कळतं, वरचं अंग बारीक झालं आणि पाय मागे राहिले म्हणून. म्हणजे पाय उतरतील की नाही, दुखायचे थांबतील की नाही, याची हमी आज कुणीच देऊ शकत नाही. मग ते बाईला आधी सांगायला काय हरकत आहे? शुगर सुधारेल, पोट उतरेल, गुडघ्यांना आराम पडेल, पाय मात्र कदाचित असेच राहतील आणि राहिले तर त्यात तुमचा दोष नसेल. एवढं तोंडी सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. माझं म्हणणं आहे की ते संमतीपत्रात मराठीत लिहिलेलं असावं, आणि ते लिहिण्याआधी डॉक्टरांनी किंवा सिस्टरने साडी वर घेऊन पाय पाहिलेले असावेत.

हे मी भावनेपोटी म्हणत नाही. न सांगण्याचं काय होतं ते मी हिमोग्लोबिनच्या आकड्यात पाहिलं. "चोरून खाता का" हे ऐकून आल्यावर जाऊबाईने जेवण आणखी तोडलं. ज्या बाईचं जठर एक वाटी वरणातच भरतं, तिने ते वरणही अर्धं केलं, कारण पाय उतरत नव्हते. या ऑपरेशननंतर दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-12 यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, कारण लहान झालेलं पोट अन्नातून ते पुरेसं काढून घेऊ शकत नाही. केस मूठमूठ यायला लागले, जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा मी तिचं बोट टोचलं. 8.4 आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. अशा मुलखात ऑपरेशन झालेल्या बाईवर उलटा आळ घेणं म्हणजे तिला उपाशी राहायला लावणंच.

आता आमच्याकडची एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना सुचणार नाही. विदर्भात जाड पाय म्हटलं की पहिला शब्द येतो हत्तीपाय. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. क्यूलेक्स डासामुळे तो पसरतो. त्याचे जंतू रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून आमचे कर्मचारी रात्री आठनंतर कंदील नाहीतर बॅटरी घेऊन दारोदार बोटं टोचत हिंडले आहेत. गोळ्यांच्या मोहिमा होतात, डीईसी आणि अल्बेंडाझोल, आता काही ठिकाणी जोडीला आयव्हरमेक्टिन. मोहिमेत मी स्वतः समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या आहेत. जाऊबाईनेही त्या वर्षानुवर्षं इमानदारीने गिळल्या आणि पाय उतरण्याची वाट पाहिली. दोनदा रात्रीचं रक्त तपासलं, काही निघालं नाही. गावात मात्र तिला हत्तीपाय झाला हे ठरून गेलं होतं. तिच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी एका घरी तर तसं तोंडावर विचारलं.

दोन्हींतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. हत्तीरोगात बहुतेक वेळा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजतो आणि पाऊल फुगतं, बोटांवर कातडी जाड होते. लिपेडिमात दोन्ही पाय सारखे आणि पाऊल मोकळं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहायची. हत्तीरोगासारख्या, लसवाहिन्या तुंबून आलेल्या सुजेत ती चिमटीत येत नाही, लिपेडिमात सहज येते. स्टेमर नावाच्या डॉक्टरांनी ही चिमटीची खूण 1976 मध्ये मांडली. सुरुवातीच्या सुजेत ती फसवू शकते, आणि जुन्या लिपेडिमात लसवाहिन्यांची सूज मिसळली तर चित्र गढूळ होतं, हेही खरं. तरी दहातल्या बऱ्याच पायांबद्दल उपकेंद्रातच शंका घेता येईल.

म्हणून मला वाटतं, लिपेडिमा ओळखण्यात विदर्भ मागे असायचं काहीच कारण नाही. बायकांचे पाय पाहायची सवय असलेली आशाताई, आरोग्यसेविका, हत्तीरोगाचे कर्मचारी अशी फळी आमच्याकडे कधीपासून उभी आहे. सुजलेल्या पायांची यादी आम्ही करतोच. तिच्यात एक रकाना वाढवा: दोन्ही पाय सारखे आहेत का, पाऊल मोकळं आहे का, दाबलं तर दुखतं का. उत्तर हो असेल तर त्या बाईला गोळ्यांच्या भरवशावर न ठेवता सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला चिठ्ठी देऊन पाठवा. आणि ही चिठ्ठी पुढे कधी वजनाच्या ऑपरेशनचा विषय निघालाच तर सर्जनच्या टेबलावर पोहोचलेली असेल.

कुणी म्हणेल, ज्या भागात पोरी अशक्त, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी, तिथे हे चोचले कशाला. मीही काही वर्षांपूर्वी हेच म्हटलं असतं. पण जाड दिसणाऱ्या बाईचं रक्त कमी असू शकतं, आणि तिच्या दुखण्याला चोचले म्हटल्यामुळेच ते तपासायचं राहून जातं. उलट सिकलसेलचा मुद्दा मी सर्जनपुढे ठेवीन. आमच्या भागातल्या प्रत्येक बाईची ऑपरेशनआधी ती तपासणी झालीच पाहिजे, कारण अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचा झटका येतो, आणि या ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे घोट घोट पाण्यावरच जातात.

नागपूर आमच्यापासून एसटीने अडीच तास. ऑपरेशन तिथे होतं, पुढची तीस वर्षं मात्र गावात काढायची असतात. बी-12 चं इंजेक्शन मी देऊ शकते. वारंवार उलट्या होत असतील तर बी-1 कमी पडून हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, तेव्हा थांबायचं नाही हे मी ओळखू शकते. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात. पोटातला रस्ता बदलणारं बायपास झालं असेल तर तोंडी गर्भनिरोधक गोळीवर भिस्त ठेवता येत नाही, तांबी बरी. हे सासूसमोर बोलायची ताकद सुनेत नसते, ती माझ्यात असते. पण रुग्णालयाकडून आलेला इंग्रजी कागद दप्तरात दुमडून ठेवलेला असतो आणि उपकेंद्राला कुणी काही कळवत नाही. श्रावणात जाऊबाईने सोमवार धरले, साबुदाणा आणि चहावर. कागदात उपासाबद्दल काही नव्हतं.

राहिला पायांचा इलाज. घट्ट विणीचे मोजे, नियमाने चालणं, पाण्यात व्यायाम, मालिश, यांनी ठणका आणि जडपणा कमी होतो. मोज्यांबद्दल मी खोटं बोलणार नाही, मे महिन्यात पारा 45 वर असताना ते अंगावर ठेववत नाहीत. जाऊबाई पहाटे चारला घालते आणि दहा वाजता काढते. पायांतली चरबी नळीने ओढून काढण्याचं ऑपरेशन ही वेगळीच गोष्ट आहे, तिची पोटाच्या ऑपरेशनशी गल्लत करू नये. तिच्याबद्दल प्रगत देशांतही एकमत नाही. इंग्लंडमध्ये कोणता इलाज करावा याचा सल्ला देणाऱ्या नाइस संस्थेने 2022 मध्ये सांगितलं की ती फक्त संशोधनाचा भाग म्हणून करावी. जर्मनीने 2020 पासून ती शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सरकारी विम्यातून दिली आणि जुलै 2025 मध्ये सगळ्या टप्प्यांसाठी खुली करायचा निर्णय घेतला. त्यासाठी त्यांनी आधी नीट अभ्यास केला. आमच्या बायकांनी त्यासाठी वावर गहाण टाकावं असं मी आज म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातून एक आई तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. लग्न जमवायचं होतं. कुणीतरी ऑपरेशनचं सुचवलं होतं, आणि जाऊबाईचं झालेलं ऐकून ती मला विचारायला आली. मुलीची उंची 150 सेंटीमीटर, वजन 68, बीएमआय 30 च्या थोडा वर. आशियाई लोकांसाठी 27.5 च्या पुढे ऑपरेशनचा विचार करावा असं 2022 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे नुसता आकडा पाहिला तर ही पोर टेबलावर जाऊ शकते. मी दार लावलं, सलवार वर घ्यायला सांगितली. तेच पाय, तीच वळकटी, आणि मोकळं पाऊल. कंबर मोजली तर 73 सेंटीमीटर, उंचीच्या निम्म्याहूनही कमी. शुगर नाही, बीपी नाही. तिचं जास्तीचं वजन होतं ते सगळं पायांत होतं, आणि पोट कापून त्या पायांचं काय होणार ते मी घरात पाहिलेलं.

आईला म्हटलं, हिचं ऑपरेशन करू नका. हिला पोटाचा आजारच नाही. पायांच्या डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देते.

"मंग पाय कायनं बारीक होतीन, सिस्टर?"

बारीक होतील असं मी सांगितलं नाही. दुखणं कमी करता येईल, वाढणं लांबवता येईल, वजन वाढू द्यायचं नाही आणि उपाशीही राहायचं नाही, हे सांगितलं. मुलगी इतका वेळ खाली पाहत होती. तिने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे मी जास्त खाते म्हून नाही न हे?"

नाही, म्हटलं. चिठ्ठीवर दोन्ही घोट्यांची, पोटऱ्यांची, मांड्यांची मापं लिहिली, तारीख टाकली, आणि खाली मराठीत लिहिलं: दोन्ही पाय सारखे, पाऊल मोकळं, दाबल्यावर दुखतं, लिपेडिमा आहे का पाहावं.